भीमपलासातला खोकला

आमच्या वासूअण्णांच्या भीमपलासात एक खोकला होता. अण्णांना खोकला होता असं मी म्हणत नाही. अण्णांची छाती लोहाराच्या भात्यासारखी होती आणि सुंठीचा काढा त्यांनी जन्मात कधी घेतला नाही. खोकला होता तो भीमपलासाला. विलंबित चीज रंगात आली, अंतरा वरच्या षड्जावर जाऊन उभा राहिला आणि तिथून मुखड्याकडे उतरायची वेळ आली, की अण्णा थांबायचे. मान डावीकडे वळवायचे. आधी एक बारीक आणि मग एक चांगला छातीतून असा खोकला काढायचे, घशातल्या घशात "हं" करायचे आणि काही झालंच नाही अशा चेहऱ्यानं बरोबर समेवर येऊन बसायचे. खोकला तालात असे. त्याच्यासाठी आवर्तनात जागा राखून ठेवलेली होती. तबल्यावर मी असायचो, म्हणून हे खात्रीनं सांगतो.

दिवेआगरला त्यांची आणि आमची वाडी शेजारी-शेजारी. मध्ये दगडाचा एक गडगा, तोही ओलांडायच्या सोयीचा. पहिली लढाई संपून दहा-बारा वर्षं झाली होती, श्रीवर्धनला मुंबईची आगबोट लागत होती आणि गावात ग्रामोफोन एकच होता. अलिबागेस मॅट्रिक होऊन मी नोकरीची वाट बघत घरी बसलो होतो. म्हणजे सकाळी पोफळींना पाणी लावायचं आणि दुपारी अण्णांच्या ओटीवर तबला बडवायचा. अण्णा तेव्हा पन्नाशीच्या आसपास असतील.

त्या खोकल्याची गावाला सवय झाली होती. परगावच्या माणसाची मात्र पंचाईत व्हायची. आमच्याकडे सुपारी उतरवायला गोमा नावाचा गडी यायचा. पहिल्या वर्षी त्यानं पोफळीच्या शेंड्यावरून अण्णांचं गाणं ऐकलं आणि खाली उतरून गंभीरपणे माझ्या वडलांना सांगितलं, "अण्णांना खोकला हाय, पन त्यो गान्यातच व्हतो, कामात न्हाय. ह्ये बाहेरचं काय तरी असंल. दाखवा कुनाला तरी."

बाहेरचं होतं हे खरंच. ते बोर्लीचं होतं. बोर्ली पंचतनला अण्णांचे गुरू राहत. त्यांचं नाव अण्णा कधी घेत नसत, नुसतं "आमचे बुवा" म्हणत आणि म्हणताना दोन्ही कानांच्या पाळ्यांना हात लावत. दिवसभर दुसरा विषय नसल्यामुळे त्यांचे हात कानांशीच असत. एकदा रहाटाचा दोर हातात असताना बुवांची आठवण निघाली, आणि पोहरा विहिरीत गेला तो गेलाच.

मिशी फुटायच्या आत अण्णा बुवांच्या घरी जाऊन राहिले होते. पाणी भरलं, धोतरं धुतली, पान कुटून दिलं. पहिलं वर्षभर गळ्यातून सूर काढायची परवानगी नव्हती, फक्त तंबोरा लावायचा आणि ऐकायचं. बुवांना दमा होता. भीमपलासची ती चीज त्यांनी एका हिवाळ्यात तोंडी शिकवली, आणि वरच्या षड्जावरून परतताना त्यांना नेमकी उबळ यायची. दर वेळी यायची. अण्णांनी चीज उचलली ती उबळीसकट.

नुसती चीजच कशाला, अण्णांनी बुवांचं काहीच सोडलं नव्हतं. बुवांच्या उजव्या वहाणेचा अंगठा तुटका असायचा म्हणून ते पाय ओढत चालत. अण्णांच्या वहाणा धडधाकट होत्या, तरी पाय ओढला जायचाच. बुवांना फणसाचा वास सोसत नसे. अण्णांच्या वाडीतल्या कापा फणसाला तोड नव्हती, पण त्यातला एक गरा त्यांनी कधी तोंडात घातला नाही. सगळे फणस गडग्यावरून आमच्याकडे यायचे, त्यामुळे बुवांविषयी आमच्या घरात फार आदर होता. अण्णांची बायको, आमची काकी, म्हणायची, "लग्न माझ्याशी लागलं, पण नांदतात ते बुवांच्या घरी." रागानं नाही म्हणायची. तीही पान कुटून द्यायची, बुवांना लागायचं तसं बारीक.

मीसुद्धा आधी गाणं शिकायलाच बसलो होतो. चीज बसली असं वाटून एके दुपारी मी एकट्यानं ती म्हणून दाखवली. अण्णांनी डोळे उघडले.

"मधलं कुठं गेलं?"

"काय मधलं?"

"खोकला."

"मला खोकला झालेला नाही, अण्णा."

"मलाही नाही झालेला," अण्णा शांतपणे म्हणाले. "बुवांना झाला होता. तू म्हण."

मी म्हटलं. मग खोकून खोकून माझ्या डोळ्यांत पाणी आलं, पण अण्णांना काही पसंत पडेना. हा पडशाचा झाला म्हणत, हा नुसता ठसका झाला म्हणत, जरा खालून येऊ दे म्हणत. शेवटी माझा गळा खोकल्याचा नाही असा निर्वाळा देऊन त्यांनी मला तबल्यावर बसवलं. माझ्या आधीचा त्यांचा एक शिष्य मात्र तयार झाला होता. तो मुंबईला एका कचेरीत चिकटला. तिथल्या समारंभात त्यानं भीमपलास म्हटला तेव्हा साहेबानं गाणं मध्येच थांबवून त्याला डॉक्टरकडे पाठवलं. अण्णांना हे कळलं तेव्हा त्यांचा ऊर भरून आला. मुंबईतसुद्धा बुवांचा खोकला खरा वाटला, ही काय लहान गोष्ट झाली?

असं का करता, म्हणून विचारलं की उत्तर ठरलेलं. "जसं मिळालं तसं." एवढं बोलून ते पानाचा डबा पुढं ओढायचे. फार छेडलं तर म्हणायचे, निवडायला आपण कोण? आज खोकला नको म्हणाल, उद्या गंधार नको म्हणाल. ग्रामोफोनवर त्यांचा रागच होता. तबकडीत माणूस खोकत नाही, शिंकत नाही, मग गात कोण होता ते कळायचं कसं, असं त्यांचं म्हणणं.

तो ग्रामोफोन होता आबासाहेबांचा. अलिबागच्या कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले आबासाहेब देवळाच्या चैत्रातल्या उत्सवाचे कर्ते होते. माणूस मनानं चांगला, पण सगळं कसं टापटिपीचं पाहिजे. पताका वाकडी लागली तरी त्यांना जेवण गोड लागत नसे.

या उत्सवात तिसऱ्या प्रहरी, पंगती उठल्यावर, देवळाच्या मंडपात गाण्याची बैठक होई. बुवा हयात होते तोवर ती त्यांची असे. मागे तंबोऱ्यावर अण्णा. बुवा गेल्यापासून बाहेरचे गवई येऊ लागले. अण्णांनी ती बैठक कधी मागितली नाही. पण दर वर्षी मंडप सारवायला ते स्वतः जात, जाजम स्वतः अंथरत, लोड ठेवत, आणि बुवा जिथं बसायचे तिथली सुरकुती तळहातानं साफ करत. मग उठून खांबाला टेकून बसत आणि परक्याचं गाणं ऐकत. माणसाला काय हवं असतं हे कळायला ते त्यानं बोलून दाखवावंच लागतं असं नाही. साऱ्या गावाला ठाऊक होतं.

त्या वर्षी मुंबईच्या गवयाचा निरोप आला की आगबोट उशिरा पोचणार, त्यांचं गाणं संध्याकाळी होईल. दुपार रिकामी पडली. उत्सवाला पंधरवडा असताना आबासाहेब अण्णांच्या ओटीवर येऊन बसले. पाणी झालं, पान झालं, मग म्हणाले की यंदा दुपारची बैठक तुमची. अण्णांचा हात कानाकडे गेला.

"फक्त एक विनंती," आबासाहेब म्हणाले. "तेवढा खोकला वगळा. बाहेरगावची मंडळी येतात, ती हसतात. देवापुढं दमा कशाला हवा?"

मी तबल्यावरची हातोडी खाली ठेवली आणि गंधाराच्या व्याख्यानाची वाट बघत बसलो. अण्णांनी विहिरीकडे बघितलं.

"वगळतो," ते म्हणाले.

आबासाहेबांनासुद्धा धक्का बसला. काकीनं त्यांना कोकमाचं सरबत दिलं त्यात साखर दुप्पट पडली होती, आणि देवापुढं निरांजन लावायला ती भर दुपारी आत गेली.

दुसऱ्या दिवसापासून खोकला न काढण्याचा रियाज सुरू झाला. इतका अवघड रियाज मी दुसरा पाहिला नाही. जागा जवळ आली की अण्णांचा चेहरा लाल व्हायचा, मान डावीकडे निघायची, ती ते बळं बळं सरळ करायचे, आणि तेवढ्यात सम निघून जायची. पहिल्या दिवशी खोकल्याऐवजी उचकी आली. दुसऱ्या दिवशी शिंक. एकदा तोंड इतकं घट्ट मिटलं की सुपारीचं खांड घशात गेलं आणि खरोखरीच खोकला आला, तो मात्र तालात नव्हता. हसू आवरणं कठीण होतं, पण अण्णांकडे बघून हसवत नव्हतं. हळूहळू मान सरळ राहू लागली. आठवडा उलटला तशी उबळ नाहीशी झाली, आणि त्या षड्जावरून मुखड्यापर्यंतची वाट मला पहिल्यांदाच सबंध ऐकू आली. खोटं कशाला बोलू, फार सुंदर होती. मी तसं म्हणालो. अण्णांनी तंबोरा गवसणीत घातला आणि पोफळींना पाणी लावायला गेले.

उत्सवाच्या आदल्या दिवशी एकादशी होती. दर एकादशीला अण्णा रोठा सुपाऱ्या आणि नारळ पिशवीत घालून बोर्लीला चालत जात. तिथं बुवांची बायको होती, एका पुतण्याच्या घरी मागच्या पडवीत. अण्णा तिला आई म्हणत. तिच्याकडे जाताना ते कधी कुणाला बरोबर नेत नसत. त्या दिवशी मला म्हणाले, तबला घे आणि चल, मंडपाआधी चीज आईच्या पायांवर घालू.

आई खूप म्हाताऱ्या होत्या. मोतीबिंदूनं दोन्ही डोळे गेलेले, पण जीभ खणखणीत. पावलांवरूनच त्यांनी अण्णांना ओळखलं. वासू, पाय ओढू नकोस, ते गेले त्यांचं तू कशाला चालवतोस, म्हणाल्या. सुपाऱ्या चाचपून ओल्या आहेत म्हणून रागावल्या, काकीची चौकशी केली, मी कुणाचा कोण ते खोदून विचारलं. मग उंबऱ्याशी भिंतीला टेकून बसल्या. शेजारी एक तांब्याचा तांब्या होता, त्यावर वाटी झाकलेली. वाफ येत होती. मला वाटलं, आमच्यासाठी चहाचं पाणी असेल.

अण्णांनी भीमपलास लावला. आई डोळे मिटून ऐकत होत्या. अंतरा वर गेला, षड्जावर उभा राहिला, आणि त्याच क्षणी आईंचा हात तांब्याकडे गेला, त्यांनी वाटी उचलली आणि त्या अर्धवट उठल्या. अण्णांची मान सरळच राहिली. ते खाली उतरत उतरत आले आणि समेवर बसले. आई तशाच अर्ध्या उठलेल्या, हातात वाटी. मग त्या हळूच खाली बसल्या आणि त्यांनी वाटी परत झाकली.

गाणं संपल्यावर म्हणाल्या, "छान म्हटलंस, वासू. तुझा गळा चांगला आहे."

अण्णांनी पायांवर डोकं ठेवलं. आम्ही निघालो.

बोर्लीची वस्ती मागं पडेपर्यंत अण्णा सरळ चालत राहिले. पाय ओढायलाही विसरले होते. मग एकदम म्हणाले, "तिनं मला कधी 'छान' म्हटलेलं नाही."

मला वाटलं, आनंद झालाय. बघतो तर रडत होते.

थांबत थांबत त्यांनी सांगितलं ते असं. बुवांना उबळ आली की आई आतून कोमट पाणी घेऊन यायच्या. बुवा गेल्यावर अण्णा पहिल्यांदा भेटायला आले, चीज म्हटली, सवयीनं खोकला आला, आणि आई सवयीनं पाणी घेऊन आल्या. "वेडी नाही रे ती," अण्णा म्हणाले. "बुवा गेले हे तिच्याइतकं कुणाला कळलंय? पण खोकला आला की ती उठते. 'घ्या' म्हणते. त्या वेळी तिच्यापुढं मी नसतो. मी पाणी पिऊन होईपर्यंत बुवा घरात असतात. फोटो नाही बुवांचा, तबकडी नाही. तेवढंच आहे तिच्याजवळ. आज ते मी नेलं."

"मग तिथं मुद्दाम काढायचात," मी म्हणालो.

"काढणारच होतो. मंडपात नाही आणि तिच्यापुढं काढायचा, असं ठरवून गेलो होतो. जागा आली, आणि आलाच नाही. इतकी वर्षं न बोलावता यायचा."

हे सांगताना त्यांचा चेहरा इतका घाबरलेला होता की मला भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते आबासाहेबांकडे गेले आणि घसा बसल्यामुळे गाता येणार नाही, असं सांगून आले. हे त्यांनी इतक्या खणखणीत आवाजात सांगितलं की पलीकडच्या वाडीतली माणसं गडग्याशी आली. आबासाहेब जे चिडले ते पुन्हा त्यांनी अण्णांना कधी विचारलं नाही. दुपारी मंडपात गावातल्या भजनी मंडळानं वेळ मारून नेली. जाजम अण्णांनीच अंथरलं होतं. सुरकुती साफ करताना त्यांचा हात जरा जास्त वेळ तिथं राहिला, मग ते उठून खांबाला टेकले. मला फार वाईट वाटलं. त्या जागेवर त्यांना बसलेलं बघायची मलाच किती हौस होती, ते मला तेव्हा कळलं.

मग उलटा रियाज सुरू झाला. आता खोकला आणायचा होता. अण्णा खोकायचे, आणि खरा की खोटा ते मी सांगायचं. सगळे खोटे. आम्ही आणायला गेलो की तो नाटकातल्या म्हाताऱ्यासारखा यायचा. अण्णा वाडीत शिंपताना खोकायचे, जेवताना खोकायचे. गोमा म्हणाला, "आता कामातबी व्हतो. म्या सांगितलं व्हतं." काकी काढ्याची पातेली चुलीवर ठेवायला लागली, आणि बुवांनी काढा कधी घेतला नाही म्हणून अण्णा तो पोफळीच्या आळ्यात ओतू लागले.

एकादशा येत होत्या आणि अण्णा बोर्लीला जात नव्हते. बाजाराला गेलेल्या माणसाबरोबर आईंचा निरोप आला, वासू बरा आहे ना म्हणून. तो ऐकून अण्णा दिवसभर माजघरात पडून राहिले.

पाऊस उघडल्यावर भाद्रपदात एका दुपारी आम्ही ओटीवर बसलो होतो. अण्णांनी चीज सुरू केली ती रियाज म्हणून नव्हे, नुसती वेळ जावा म्हणून. रंगले. डोळे मिटले, अंतरा वर गेला, आणि मान डावीकडे वळली. आधी बारीक, मग छातीतून. "हं." आणि सम. अण्णांना पत्ताच नव्हता. मी ठेका सोडला नाही. चीज संपल्यावर मी हळूच सांगितलं, "आला होता." अण्णांनी दोन्ही कानांच्या पाळ्या धरल्या.

एकादशीला आम्ही बोर्लीला गेलो. आईंनी इतके दिवस न आल्याबद्दल अण्णांना चांगलंच फैलावर घेतलं, मग भिंतीला टेकून बसल्या. मी आधी शेजारी पाहिलं. तांब्या होता. वाटी झाकलेली होती.

अण्णांचा आवाज सुरुवातीला कापत होता, मग लागला. अंतरा वर गेला, षड्जावर उभा राहिला. आणि खोकला आला, दम्याचा, खालून, जसा यायचा तसा.

आईंनी वाटी बाजूला केली. चाचपत दोन पावलं पुढं आल्या आणि तांब्या समोर धरला.

"घ्या, घोटभर घ्या आधी," त्या म्हणाल्या. "आणि आता पोराला सोडा म्हणते मी. उन्हं कलली. दिवेआगरला चालत जायचंय वासूला."

अण्णांनी तांब्या दोन्ही हातांनी घेतला. सावकाश, शेवटपर्यंत पाणी प्यायले. मग अगदी हळू, पण स्पष्ट म्हणाले, "सोडतो. एवढी सम घेऊ दे त्याला."

आई मागं सरून बसल्या. मी मान खाली घालून ठेका देत राहिलो.